हात हलका ठेवा, बाबा

बाबांनी गालावर तिसरा काप घेतला आणि वस्तऱ्याला नालायक म्हटलं. त्याआधी ते आरशाला, साबणाला आणि नळाला तेच म्हणाले होते. कचेरीत त्यांना पाठीमागे तोफ म्हणत. घरात कुणी तसं म्हणत नसलं, तरी बत्ती कुठून लागेल याचा नेम नसल्यामुळे सगळे जपूनच वागत.

या वेळच्या रागाचं मूळ नाक्यावरच्या सलूनवाल्यात होतं. गेल्या आठवड्यात त्याने बाबांच्या गळ्याला वस्तरा लावला आणि फोन खांद्यात दाबून मेव्हण्याशी भांडायला सुरुवात केली. भांडता भांडता त्याचा आवाज चढला. आता ज्याच्या हातात दुसऱ्याचा गळा आहे, त्याने त्याच वेळी मेव्हण्यावर चिडावं का? बाबा अर्ध्या दाढीनिशी उठले.

"मान माझी आणि भांडण मेव्हण्याशी? उद्यापासून माझी दाढी मी करीन. वस्तऱ्यानंच करीन."

"करा की," सलूनवाला म्हणाला. "पण वस्तरा तुम्हाला झेपायचा नाही, साहेब."

झालं. झेपायचं नाही म्हटलं की बाबा डोंगरसुद्धा उचलायला जातील. त्याच संध्याकाळी त्यांनी अगदी तसलाच वस्तरा आणला. ब्लेड मधोमध मोडायचं, अर्धं खोबणीत सरकवायचं, बोथट झालं की फेकून द्यायचं. वस्तरा सलूनवाल्यासारखा होता, हात मात्र बाबांचा होता. पहिल्या दिवशी डावा कल्ला वर गेला. त्याच्या बरोबरीला आणायला उजवा घेतला, तो आणखी वर गेला. मग पुन्हा डावा. दोन्ही कल्ले कानाच्या टोकाशी पोचले तेव्हा आईने त्या दिवसापुरता आरसाच काढून घेतला. कचेरीत वरच्या साहेबांनी विचारलं, "घरी मांजर पाळलंय का?" साहेबांवर ओरडता येत नाही, म्हणून बाबा शिपायावर ओरडले. जाता येता सलूनवाला दारात उभा असायचा. तो नुसता कापलेल्या गालांकडे बघायचा, आणि बाबांचा जीव आणखी जळायचा.

इकडे मुलीचा जीव टांगणीला लागला होता. बंदरावर तिला क्रेन चालवायची नोकरी मिळाली होती आणि येणार की नाही ते आज दहाच्या आत कळवायचं होतं. मुलीने खुर्चीत बसून करायची नोकरी करावी, असं बाबांचं ठाम मत. क्रेनमध्येही खुर्चीच असते, फक्त फार उंचावर असते, हे त्यांना सांगणार कोण? संगणकाच्या क्लासला जाते असं सांगून ती इतके दिवस क्रेनच शिकत होती.

"बापाच्या कानावर घातल्याशिवाय हो म्हणायचं नाही," आईने बजावलं होतं. "आणि मला मध्ये ओढायचं नाही."

ती न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही जोर लावताय."

"मग काय, केस विनंती केल्यावर निघणार आहेत?"

"हात हलका ठेवा. वस्तऱ्याचं वजन पुरतं. दुसऱ्या हातानं कातडी ताणून धरा, वस्तरा जरा झोपवा आणि छोटे छोटे हात मारा."

"तू मला शिकवणार?"

"करून बघा. मग ओरडा."

तिला खोटं पाडायचं म्हणून बाबांनी पुन्हा साबण लावला, कातडी ताणली, वस्तरा झोपवला. बारीक खरखर झाली आणि गालावर एक स्वच्छ पट्टा उमटला. रक्ताचा थेंब नाही. याचाही त्यांना राग आला. इतकं रक्त सांडून जे आपल्याला कळलं नाही, ते पोरीने दारात उभं राहून सांगावं म्हणजे काय! वस्तरा गळ्यापर्यंत आल्यावर त्यांनी दात न उघडता विचारलं, "कुठं शिकलीस हे?"

"क्रेनवर."

वस्तरा जागीच थांबला.

"भार उतरवताना ढकलायचा नसतो, बाबा. त्याच्या वजनानं येऊ द्यायचा. घाई केली की झोके घेतो."

"कसली क्रेन?"

"बंदरावरची. नोकरी लागलीये मला. दहाच्या आत कळवायचंय."

बाबांना केवढं तरी बोलायचं होतं, पण गळ्याशी पातं होतं. त्यांनी आवंढा गिळला, तोही बेतानेच. वस्तऱ्यावरची मूठ मात्र रागाने पुन्हा आवळली.

"द्या इकडे," मुलीने वस्तरा काढून घेतला. "आता अजिबात बोलू नका. गळा आणि वरचा ओठ राहिलाय." गळा उरकून तिने बाबांच्या नाकाचा शेंडा चिमटीत धरून वर उचलला आणि अलगद हात चालवत विचारलं, "जाऊ ना मी?"

बाबांनी डोळे वटारले. नाकपुड्या फुगवल्या.

"नाक हलवू नका," ती म्हणाली.

तोंड धुऊन बाबा बाहेर आले ते ओरडायच्या तयारीनेच. तेवढ्यात त्यांचा हात गालावरून फिरला आणि ओरडायचं राहून गेलं. "संध्याकाळी बघतो तुझ्याकडे," एवढंच म्हणून त्यांनी बूट चढवले आणि दार आपटून ते निघाले.

नाक्यावर सलूनवाला आज पायरी उतरून खाली आला.

"साहेब, थांबा जरा. मान वळवा." त्याचा चेहरा पडला. "कुणाकडे केली?"

"घरी."

"हा हात तुमचा नाही."

माझाच हात, असं म्हणता आलं असतं. पण बाकीचे लोक रागात खोटं बोलतात आणि बाबा रागात खरं बोलतात.

"माझ्या मुलीचा हात आहे. बंदरावर क्रेन चालवते ती!"

आतली साबण लावलेली तोंडंसुद्धा दाराकडे वळली. चारचौघांत बोललेला शब्द बाबांनी जन्मात मागे घेतला नव्हता. पुढच्या कोपऱ्यावर जाऊन त्यांनी तणतणत घरी फोन लावला.

"दहा वाजले का?"

"वाजतील आता, बाबा."

"मग कळवून टाक त्यांना, येते म्हणून."

"मघाशीच कळवलं. तुम्ही बूट घालत होतात तेव्हा."

"मला न विचारता?"

"विचारलं की. तुम्ही नाही म्हणाला नाहीत."

"माझ्या ओठांवर वस्तरा होता!"

"म्हणून तर तेव्हा विचारलं."