मागावरून न उतरलेल्या पागोट्याची हकीकत

श्री. देवाचे पायी मस्तक आणि हरिदासाचे टाळांस कान ठेवून आरंभ केला असे. श्रोते हो, मागे बसलेत ते पुढे सरका, खांबास टेकलेत ते सावध व्हा, ज्यांचे तोंडी पान आहे त्यांनी ते एका गालात करावे. एका राजाने शब्द दिले किती, मोडिले किती, आणि एका म्हातारीने त्यास न मोडवे ऐसे काय बांधिले, ते सांगतो.

शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजितनाम संवत्सर, भाद्रपद मास. ते समयी एका राज्यात (नाव घेत नाही, तेथील पुरणपोळी आम्ही खाल्ली आहे) महाराज राज्य करीत होते. महाराज शूर, मिष्टान्नप्रिय, आणि शब्द देण्यास हात मोकळा, परंतु दिलेला शब्द मुक्कामास राहात नसे. शेजारचे राजाशी तह केला तो दोघांस धाप लागली म्हणून, आणि धाप गेली तैसा तहही गेला. एका पाटलास अभय दिले, आणि तिसरे दिवशी पाटलाचे बैल सरकारवाड्यात रवंथ करू लागले. राणीसाहेबांस हातावर हात ठेवून भाक दिली, ती तर हात धुतले तैसी वाहून गेली. हे सर्व शब्द निवडून कागदावर घालण्याचे काम चिटणीस विसाजीपंत यांजकडे. पंतांचे अक्षर मोत्याचे, आणि वेड एकच, कीर्तनाचे. दर एकादशीस साळीवाड्यात मल्हारबुवा कीर्तनास उभे राहात, आणि पंत सर्वांआधी जाऊन बसत, आणि रडत, आणि घरी येऊन दुसरे दिवशी पुन्हा खोटे कागद लिहीत, आणि जेवण गोड लागत नसे.

साळीवाड्यात विणकरांची साठ घरे. मग महाराजांस हत्तीखाना बांधण्याची हौस आली. हत्ती नव्हता, परंतु खाना झाला म्हणजे येईल, ऐसा महाराजांचा विचार. साळ्यांस वेठीस धरून दगड वाहावयास लाविले, आणि त्यांची बोटे फुटली, आणि फुटल्या बोटास रेशीम अडकते, ताण्याचे धागे तुटतात, घरास चूल पेटत नाही. साळी फिर्यादीस आले, तेव्हा महाराजांनी करार दिधला, पंतांनीच लिहिला, की यावच्चंद्रदिवाकरौ, म्हणजे चंद्रसूर्य आहेत तोवर, साळ्यांस वेठ नाही. पुढे अवस आली. महाराजांनी सकाळीच शिपाई पाठवून विचारिले, "आज चंद्र कोठे आहे, दाखवा." साळ्यांनी त्या दिवशी दगड वाहिले, आणि दुसरे दिवशी साठ घरे माग सोडवून, बुवांस संगे घेऊन, नदीपार परमुलखात गेली.

मग दसरा जवळ आला, आणि महाराजांस नवे पागोटे विणावयास कोणी राहिले नाही. जुने पागोटे उंदरांनी पाहून ठेविले होते. महाराजांनी पंतांस बोलावून म्हटले, "पंत, ऐसा शब्द काढा की साळी येतील आणि आम्ही मोकळे राहू. दसऱ्यापावेतो न आले, तर दगड तुम्ही वाहा." पंत "आज्ञा" म्हणाले, आणि तैसे सगळे शब्द वापरून संपले आहेत हे मनात म्हणाले.

पंत कौल लिहून नदीपार गेले. साळ्यांची वडीलधारी चिमाबाई, वय सत्तरीचे, दात चार, नजर सुईची. ती म्हणाली, "या पंत. कागद घेऊन आलात, का कीर्तनाला?"

"दोन्हीस, चिमाबाई."

"मग कागद आधी वाचा. कीर्तन बाटायला नको."

पंतांनी वाचिला. चिमाबाई म्हणाली, "कौल म्हणजे मारणाऱ्यानं लिहून द्यायचं की मारणार नाही. मारायचंच नाही, तर लिहितोय कशाला?" आणि कागद परत केला. पंत कीर्तन ऐकून परतले.

मग महाराजांनी कुलदैवताचा बेलभंडार उचलून शपथ घेतली, आणि पंत तो भंडारा पुडीत बांधून घेऊन गेले. चिमाबाईने पुडी भक्तीने कपाळास लाविली आणि म्हणाली, "शपथ महाराजांची, आणि राखायची देवानं. पंत, ही देवाला वेठच की. आम्ही निदान पळून तरी आलो, देव कुठं जाईल?" पंतांस हसू आले, आणि हसल्याची लाज वाटली, आणि कीर्तन ऐकून परतले.

तिसरे खेपेस महाराजांनी नुसते वचन पाठविले. चिमाबाई म्हणाली, "वचन तोंडचं. त्या तोंडाला जेवायचंबी काम आहे." तेव्हा पंतांचा धीर सुटला, आणि ते म्हणाले, "बाई, मी हमी राहतो. शब्द मोडला तर मला धरा."

चिमाबाईने त्यांजकडे मायेने पाहिले. "तुम्ही भले माणूस. पण हमी म्हणजे चुकायचं एकानं अन् मार खायचा दुसऱ्यानं. तुम्हाला धरून आमची बोटं बरी होतील का?"

"मग तुमच्यात काय म्हणतात ते तरी सांगा. तोच शब्द लिहितो."

"आमच्यात लिहीत नाहीत, पंत. बोल दिला की त्याचं पागोटं मागावर चढवायचं. विणलेला पदर डोईला गुंडाळायचा, दुसरं टोक मागालाच. बोल पाळतोय तोवर पागोटं मागावरून उतरत नाही. मोडायचा झाला, तर मोडणाऱ्यानंच कात्री घ्यायची, अन् आम्ही तो तुकडा वेशीला टांगतो. येणारा जाणारा बघतो."

पंत नावेत बसले, आणि काय सांगावे, किती सांगावे, हा विचार नदीभर केला. दरबारी जाऊन म्हणाले, "महाराज, वेठ माफ केली म्हणून साळीवाड्यात बसून त्यांचे हातून पागोटे बांधून घ्यावे, म्हणजे साळी येतील. त्यांच्यात शब्द लिहीत नाहीत. बाकी रीत तेथे बसल्यावर सांगतील."

महाराज आनंदले. "कागदच नाही? मग मोडावयाचे काय? मंजूर."

दसऱ्याचे दिवशी तिसरे प्रहरी महाराज साळीवाड्यात आले, आणि मागून अवघे नगर आले. नदीपारहून माग मात्र एकच आला होता, चिमाबाईचा. साठ घरे पैलतीरी बोचकी बांधून उभी होती. महाराजांनी चारचौघांत वेठ माफ म्हटले, चिमाबाईने जांभळे रेशमी पागोटे फेर देऊन डोईस बांधिले, मग हात वर केला, आणि नावा सुटल्या. महाराज सीमोल्लंघनास उठले, तो मान मागे ओढली गेली आणि माग खडखडला.

"हे काय?"

"पदर, महाराज."

"कापा."

"ही कात्री. आपणच कापावा. आमच्यात मोडणाराच कापतो, अन् तुकडा वेशीवर लागतो. महाराजांचं पागोटं, लांबूनही ओळखू येईल."

महाराज पंतांकडे वळले, तेवढाही माग खडखडला. "पंत, कागद नाही म्हणालात."

"नाहीच, महाराज. मी एक अक्षर लिहिले नाही."

पंतांची नजर खाली गेली नाही. महाराजांनी कात्री हाती घेतली. नगर पाहात होते, आणि मधल्या नदीत पोरेबाळे घेऊन साठ घरे नावांत होती, धड इकडे ना तिकडे. इतक्यात मल्हारबुवांनी टाळ वाजवून नमन आरंभिले, आणि कीर्तन चालू असता उठून जाणे महाराजांस लहानपणी आईने शिकविले नव्हते. कात्री मांडीखाली ठेवून ते बसले. बुवांनी शब्दापायी राज्य सोडणाऱ्या राजाचे आख्यान लाविले. महाराज ढसाढसा रडले, "ऐसा राजा आता होणे नाही," म्हणून मान हलविली, तो माग खडखड वाजला, आणि पोरे हसली, नगर हसले, आणि शेवटी महाराजही रडता रडता हसले. आरती झाली, तेव्हा त्यांनी मांडीखालची कात्री चिमाबाईस परत दिली, पागोटे न कापता आपले हाताने डोईवरून उतरवून मागावर ठेविले, आणि बोडक्या डोईने सीमोल्लंघनास गेले.

पुढे दर दसऱ्यास महाराज साळीवाड्यात येऊन पागोटे बांधीत, कीर्तन ऐकत, आणि बोडके परतत. साळी वर्षास एक वीत विणीत. हत्तीखान्यात शेळ्या राहू लागल्या. पंतांनी कागद लिहिणे सोडिले नाही, परंतु जेवण गोड लागू लागले. महाराजांचे माघारी पुत्र गादीवर बसले, ते आधी मागाजवळ बसले.

येणेप्रमाणे हकीकत आहे. श्रोत्यांपाशी मागणे एकच. कीर्तन संपून कपाळास बुक्का लावाल, तेव्हा चिमाबाई साळीण आठवावी, आणि एक बोट तिचे नावाने लावावे.