साथवाले परब

आमच्या लालबागच्या चाळीत मोहन परब गॅलरीत आले की बायका भिंतीला चिकटतात. परबांच्या हातात लोखंडी मीटरपट्टी असते. दादरच्या कापडाच्या दुकानात त्यांनी जन्मभर कापड मोजलं, निवृत्त होताना पट्टी घरी आणली, आणि आता ते दोन माणसांमधलं अंतर मोजतात. नळावर दोघी बोलत उभ्या राहिल्या की मध्ये पट्टी घालतात. "दोन मीटर, वहिनी. कटपीस चालणार नाही."

करोना गेला, आम्ही विसरलो. परब विसरले नाहीत. पुढची साथ येणार याची त्यांना गणपती येण्याइतकी खात्री आहे. पुढच्या जिन्याने चढायचं, मागच्याने उतरायचं. गणपती मंडळाच्या सामानाची खोली आजाऱ्यांना. भाजी कोण आणणार, औषधं कोण, म्हाताऱ्यांना सकाळी हाक कोण मारणार, सगळं ठरलेलं. गॅलरीचा पन्हा, म्हणजे रुंदी, कमी पडतो, ही त्यांची कायमची तक्रार. जसं काही चाळ बांधणाऱ्याने कापडच चोरलं.

एकदा त्यांनी खालच्या फळ्यावर लिहिलं, 'साथ येणार आहे. रविवारी सकाळी सर्वांनी हजर राहावे.' आमच्या भजनी मंडळाच्या बायकांना वाटलं, तबल्यावर साथीला माणूस मिळाला. टाळ आणि चटया घेऊन सगळ्या खाली. परबांनी त्यांना दोन दोन मीटरवर बसवलं आणि हात कसे धुवायचे ते शिकवलं. भजन राहिलं बाजूला. मी चिडून म्हटलं, तुम्ही मेलात तर खांदेकरीसुद्धा दोन मीटरवर उभे करावे लागतील. परबांनी विचार केला.

"तिरडी लांब बांधून घ्या, सुमनताई," ते म्हणाले.

चाळीला वाटतं, हा माणूस साथीला घाबरतो. मी भिंतीपलीकडे राहते. ते घाबरत नाहीत. वाट बघतात.

त्यांची मुलगी वैशाली प्रभादेवीला दिलेली. टॅक्सीने किती लांब? पण तिला यायला होत नाही. नोकरी आहे, मुलगी मिठी आहे, मिठीचे क्लास आहेत. करोनात ती मिठीला घेऊन दोन दिवसांसाठी आली आणि दुसऱ्या दिवशी चाळ सील झाली. फाटकाला बांबू बांधले, बाहेर पोलीस बसला. जावई बांबूपलीकडून हात हलवून जायचा. मुदत संपत आली की चाळीत आणखी कोणाला तरी ताप यायचा आणि मुदत वाढायची. आम्ही देवाचा धावा करत होतो आणि परब जाड झाले. वैशाली सुकटाची चटणी करायची. चहात साखर कमी घालायची, त्यावरून बापलेकीचं रोज वाजायचं. बायको गेल्यापासून त्या खोलीत भांडण ऐकलं नव्हतं मी. सील निघालं तेव्हा चाळीत पेढे वाटले. परब म्हणाले, मला गोड चालत नाही.

तेव्हापासून ते साठा करतात. साबण, मेणबत्त्या, तापाच्या गोळ्या, आणि एक फ्रॉक. साथीत फ्रॉक कशाला, मी विचारलं.

"मिठी अडकली तर कपडे नकोत? वाढत्या अंगाचा घेतलाय."

दर दिवाळीला तो फ्रॉक कोणाला तरी देतात आणि मोठ्या मापाचा आणून ठेवतात. माप फोनवरच्या फोटोवरून काढतात.

गेल्या महिन्यात त्यांनी साथीची मोठी तालीम ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्या नातेवाइकांनाही सक्ती आहे, असं वैशालीला फोनवर सांगितलं. असली सक्ती चाळीत कोणी ऐकली नव्हती. वैशाली मिठीला घेऊन आली. परबांनी फाटकात आडवा बांबू बांधला आणि हातात कर्णा घेतला. साथ संपली असं ते जाहीर करेपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही.

एरवी ही तालीम चहा निवेपर्यंत संपते. त्या दिवशी संपेना. मिठीला रुग्ण म्हणून खुर्चीत बसवून मागच्या जिन्याने उतरवलं, तिला मजा वाटली. मग परबांनी जाहीर केलं की दुसऱ्या मजल्यावर नवीन रुग्ण सापडला आहे, म्हणजे मुदत वाढली. रुग्ण म्हणजे आमचे राणे. ते नळी चोखत बाहेर आले आणि मटण थंड होतंय म्हणून ओरडले. मग पहिल्या मजल्यावर एक सापडला. मग माझंच नाव घेतलं. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, माझे पाय दुखतायत. ते म्हणाले, हेच पहिलं लक्षण.

मिठीचा शिवाजी पार्कला क्लास होता. वैशाली दोनदा फोन बघून फाटकाशी गेली.

"बाबा, बांबू काढा."

"साथ आहे गं. नियम आहे."

"बाबा," ती हळू म्हणाली, "मला जायचंय."

परबांनी तिच्याकडे बघितलं नाही. मिठीचा खांदा बघितला, तिची उंची बघितली, कापड बघतात तसं. मग कर्णा तोंडाला लावला.

"साथ संपली. सगळ्यांनी आपापल्या घरी जावं."

गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. मटणवाले राणे तर शिट्ट्या मारत होते. परबांनी एका टोकाची सुतळी सोडून बांबू उचलून धरला, दोघी खालून वाकून बाहेर गेल्या आणि टॅक्सी निघाली. टाळ्या थांबल्या, लोक आत गेले. ते तसेच बांबू वर धरून उभे.

मी पाय ओढत खाली उतरले. दुसऱ्या टोकाची सुतळी सोडली आणि ते टोक धरलं. बांबू लांब होता, एकट्याने नेण्यासारखा नव्हता.