लाल कार्ड आणि आतली खोली

धोक्याची सूचना ही दुर्लक्ष करण्यासाठीच दिली जाते; लक्ष दिलं तर धोका टळतो आणि सूचना देणारा खोटा पडतो. रिसालीच्या संघमित्राला अशी सूचना तिच्या सासूने, शेवंताबाईंनी, वेळेवर दिली होती. "पोरगी उठली का नाही, हे पाहाले वायर कायले पायजे? उठून पाहा न!" संघमित्रा एम.एस्सी. होती. तिने सासूला खोटं पडू दिलं नाही.

योजना निर्दोष होती. दीड वर्षाची समृद्धी आतल्या खोलीत झोपणार, तिथल्या जुन्या कॉम्प्युटरचा कॅमेरा तिच्यावर रोखलेला. हॉलमध्ये ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या आईला आपल्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात लेक दिसणार. मध्ये एक केबल. (काळजी तेवढीच राहते, फक्त रंगीत होते.)

मे महिन्यातल्या एका दुपारी चित्र गेलं.

सासरे धोंडबा कारखान्याच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समधून निवृत्त झालेले. तिथे दुरुस्तीआधी यंत्राची वीज तोडतात, स्विचवर लाल कार्ड टांगतात, आणि ज्याने टांगलं त्यानेच ते काढायचं असतं. या शिस्तीमुळे माणसं धडधाकट घरी येतात. शिस्तही त्यांच्यासोबत घरी येते. "शटडाऊन घेतल्याबिगर वायरले हात लावाचा नाही," म्हणत धोंडबांनी हॉलमधूनच आतल्या खोलीची वीज बंद केली. एक कार्ड स्विचवर, एक दारावर. पोर झोपलेली, म्हणून दारही ओढून कडी घातली.

मग शास्त्रशुद्ध तपास झाला. केबल काढून, फुंकर मारून पुन्हा लावली. हॉलमधला कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नेटवर्कचे पत्ते जुळवले. ड्यूटीवरून नवरा प्रफुल फोनवर म्हणाला, "फायरवॉल बंद करके देखो." तेही केलं. दर वेळी संघमित्रा पिंग करी. पिंग म्हणजे एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला "आहेस का?" विचारणं. उत्तर येईना. कूलर घरघरत होता. (चांगला कूलर चालू असला की हॉलमध्ये दुसरं काहीही ऐकू येत नाही.)

"बाबा, आतला चालू तरी आहे का?"

"चालू कसा राहीन? शटडाऊनमधी आहे तो. कार्ड दिसून नाही राहिलं का?"

नियमाप्रमाणे धोंडबांनी स्वहस्ते कार्ड काढलं, स्विच दाबला. वीज येताच आपोआप सुरू होईल अशी सोय प्रफुलने आतल्या कॉम्प्युटरला करून ठेवली होती. थोड्या वेळाने उत्तर आलं: निरोप पाठवले चार, परत आले चार, हरवले शून्य.

"पाहा! सिस्टिमनं गेलं का सगळं होते."

चित्रही आलं. पलंग, उशी, नुकताच फिरू लागलेला पंखा. समृद्धी नव्हती.

पंखाही त्याच स्विचवर होता, हे संघमित्राला दाराकडे धावताना कळलं.

खोलीचं मागचं दार उघडं होतं. पायरीवर शेवंताबाई नातीचं अंग ओल्या फडक्याने पुसत होत्या. नात हुंदके देत होती.

"घामानं निथळून रडून राहिली होती पोरगी. मीच घेतली बाहेर."

"पण दारावर कार्ड होतं!" धोंडबा म्हणाले.

"मागच्या दारावर नव्हतं."

"आवाज तरी द्यायचा, आई!" संघमित्राने लेकीला ओढून छातीशी धरलं.

"देला न. तुमी दोघंबी मशीनले विचारून राहिले होते, आहेस का म्हणून."

धोंडबांनी त्रुटी मोकळ्या मनाने मान्य केली. मागच्या दारासाठी तिसरं कार्ड तयार आहे.

संघमित्राने मात्र आतल्या खोलीच्या दाराची कडीच काढून टाकली, आणि वाचकांना तिची एक विनंती आहे. तुम्ही हे वाचायला बसलात तेव्हा आतल्या खोलीत कुणीतरी झोपलं होतं. इथून हाक मारू नका. कूलर बंद करा, उठा, पंखा फिरतोय का ते पाहून या. उरलेलं आल्यावर वाचा.

(गेलाच नाहीत ना? उरलेलं काही नाही. जा.)