हनीफचाचांची चक्री

आमच्या महागावात पहाटे उठणाऱ्यांना एक तर शेत असतं, नाहीतर नमाज. हनीफचाचांना तिसरंही काम आहे. नमाज आटोपली की ते ओसरीवर पांढरं फडकं अंथरतात आणि रिव्हॉल्व्हरच्या चक्रीतल्या सहा भोकांची मापं घ्यायला बसतात.

घाबरू नका. हत्यार परवान्याचं आहे, कापसाच्या जिनिंगवर रखवालदार असलेल्या वडिलांच्या मागं चाचांच्या नावावर आलेलं. घरात काडतूस एकही नाही. चाचांनी ते जन्मात झाडलेलं नाही, फक्त मोजलेलं आहे. चाळीस वर्षं खराद, म्हणजे लेथ, चालवलेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही, दुसरं काय!

मोजायचं ते उन्हाच्या आधी, कारण तापलं की लोखंड फुगतं. मी शेजारी, त्यातून शाळेत विज्ञान शिकवणारा, म्हणून प्रेक्षकही मीच. एकदा कौतुकानं चक्री हातात घेतली, तर चाचा ओरडलेच, "आंगठा नका लावू सर! लोखंडाले बुखार चढते!" मग तो बुखार उतरेपर्यंत चक्री अर्धा तास फडक्यावर निजवली. मला शाळेत उशीर झाला तो झालाच.

त्यांची रीत अशी. भोकाच्या पुढच्या तोंडात बारीक गेज घालायचं, पेच फिरवून ते कडेला अलगद टेकेपर्यंत फुगवायचं, बाहेर काढायचं आणि त्या गेजची जाडी मायक्रोमीटरनं घ्यायची. प्रत्येक भोक तीनदा. तिन्ही आकडे जुळले तरच वहीत चढवायचे.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा होतं. तिथं मालखान्यावर सुनीता नावाची नवी शिपाई आहे. पावती लिहिता लिहिता तिनं ओल्या बोटांनी रिव्हॉल्व्हर उचललं म्हणून चाचांनी तिलाही दम भरला होता. तेव्हापासून ती बिचारी रुमालानं धरते.

या खेपेला लागोपाठच्या निवडणुकांमुळे हत्यार सहा महिने ठाण्यातच राहिलं. परत आलं आणि दुसऱ्याच सकाळी चाचा माझ्या दारात.

"सर, चक्री बदलली. माप नाही जुळून राह्यलं."

"अहो, नंबर तर बरोबर आहे ना?"

"नंबर कोणीबी कोरन. माप कोण कोरन?"

मी त्यांच्या सांगण्यावरून तक्रारीचा अर्ज लिहिला. चाचांनी पेन हातात घेतलं आणि थांबले. मालखान्याची किल्ली सुनीताकडे, म्हणजे चौकशी तिचीच व्हायची. "उद्या अजून एक डाव पाहू," म्हणाले. दुसऱ्या दिवशी माप जुळेना, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि सही रोज उद्यावर. शेवटी चाची वैतागल्या. "तीन रोजापासून यायच्या पोटात अन्न नाही, सर. सही करा म्हणा, नाहीतं जेवा म्हणा!"

चौथ्या सकाळी मी वही मागितली आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. मागच्या पानावर कच्चे टिपलेले तिन्ही दिवसांचे आकडे आपसातही जुळत नव्हते. आता चक्री काय रोज रात्री कोणी बदलून जातं?

"चाचा, आज मी वाचतो."

गेज त्यांनीच बसवलं. हात अजून पक्का होता. मायक्रोमीटरवरच्या रेघा मी वाचल्या. पहिलं भोक जुन्या आकड्याशी जुळलं. दुसरं जुळलं. सहावं होईपर्यंत चाचा वहीकडे बघतच नव्हते, माझ्या डोळ्यांकडे बघत होते.

"तुमाले रेघा साफ दिसून राह्यल्या?"

"हो."

"एकीच्या दोन नाही दिसत?"

"नाही, चाचा."

ज्या माणसानं आयुष्यभर केसाएवढ्या मापावर पोट भरलं, त्याला हे मी सांगावं! आता हे खचणार, असंच मला वाटलं.

चाचांनी अर्ज उचलला, त्याचे चार तुकडे केले आणि पोट धरून हसायला लागले. "अल्लाचं शुक्र! चक्री तेच हाय, सर! माहे डोळे गेले!" आणि आत वळून चाचींना ओरडले, "भाकर टाका वो!"

मी म्हटलं, "मोतीबिंदू असेल. यवतमाळला दाखवू, ऑपरेशन होतं."

"करू ना," भाकरीचा तुकडा मोडत चाचा म्हणाले. "डोळ्यात काच बसवून भेटते. त्या पोरीची नौकरी गेली असती, तं ते मी कोठून बसवून देल्ली असती?"