मागून येणारा माणूस

बर्नार्ड क्रॅब्ट्रीला संध्याकाळपर्यंत एक माणूस हवा होता. कसाही चालला असता. फक्त तो मागून चालणारा हवा होता.

थॉर्नशॉ पदभ्रमण मंडळाचा नियमच तसा. पुढे वाट दाखवणारा एक आणि सगळ्यांच्या शेवटी, रेंगाळणाऱ्यांना हाकत, मेंढ्या सुटू नयेत म्हणून फाटकं लावत येणारा एक. दोघांची नावं दिल्याशिवाय सहल जाहीर होत नाही. पण मागच्या वेळी बर्नार्डच्या ‘मध्यम’ अवघड गटातल्या वाटेवर पिलिंगबाई कमरेपर्यंत दलदलीत गेल्या आणि बाहेर आल्या त्या बुटांशिवाय. तेव्हापासून त्याच्या मागे चालायला कुणी राजी नव्हतं. या खेपेला नाव मिळालं नाही, तर सगळ्या सहली मंडळाच्या दुसऱ्या वाटाड्याकडे, डेस्मंडकडे जाणार होत्या. डेस्मंड लोकांना कालव्याच्या काठानं सपाट फिरवून आणायचा आणि शेवटी केक खाऊ घालायचा. बर्नार्डच्या मते ती सहल नव्हती, वाढदिवस होता.

“तूच ये ना मागून,” तो बायकोला म्हणाला.

“लग्न झाल्यापासून तेच करतेय,” ग्लेनिस म्हणाली. “आता गुडघे नाही म्हणतात.”

वाट आधी तपासायची म्हणून दोघं माळावर आली होती. वरचं धरण आणि खालचं धरण, दोन्हींना वळसा घालून पुन्हा गाडीपाशी. धुकं असं बसलं होतं की धरण आहे हे वासावरून ओळखायचं. त्यात एरवी इथं उन्हाळाभर पडणारा पाऊस यंदा पडलाच नव्हता. वरच्या धरणाचा तळ उघडा पडला होता आणि त्यात कधीकाळी बुडवलेल्या गावाचे चौथरे वर आले होते. नकाशावर पायवाटेची तुटक रेघ मात्र एका काठावरून थेट पाण्यात शिरून दुसऱ्या काठावर निघत होती.

“गाव बुडवलं, पण वाट रद्द करायची राहिली,” बर्नार्ड खुशीत म्हणाला. “लोकांच्या हक्काची वाट आहे ही. वापरात नसली की हक्क जातो.”

“मग इतकी वर्षं पाण्याखालून कोण वापरत होतं?”

बर्नार्ड वळसा सोडून त्या रेघेनं तळात उतरू लागला. उत्तर मिळायला अजून थोडा अवकाश होता.

तळाशी भेगाळलेल्या चिखलात दोन दगडी खांब उभे होते आणि त्यांच्यामध्ये लोखंडी फाटक. दोन्ही बाजूंच्या भिंती केव्हाच वाहून गेल्या होत्या. डावीउजवीकडून एखादी वरात निघून गेली असती. बर्नार्डनं फाटक उघडलं, ग्लेनिसला पुढे जाऊ दिलं आणि कडी नीट लावली. ग्लेनिसलाही बाजूनं जावंसं वाटलं नाही. फाटक दिसलं की फाटकातूनच जायचं, अशा या देशात तीही वाढली होती.

दोघं थोडी पुढे गेली आणि मागे फाटक करकरलं. मग कडी पडल्याचा आवाज.

“गुड मॉर्निंग!” बर्नार्ड ओरडला.

धुक्यात कुणीतरी खोकलं.

“मेंढी,” बर्नार्ड म्हणाला. “धुक्यात अगदी माणसासारख्या खोकतात.”

“कडी पण माणसासारखी लावतात?”

पुढच्या फाटकालाही तेच. ही दोघं थांबली की मागची पावलं थांबत, चालू लागली की चालू लागत. पायाखाली नुसता चिखल होता; पण मागून येणारा आवाज फरसबंदीवर नाल ठोकलेले बूट वाजावेत तसा होता.

“बर्नार्ड, पळायचं का?”

“पळालो तर वाट ‘कठीण’ गटात जाईल.”

तिसऱ्या फाटकाशी खरा पेच आला. मागून कुणी येतंय हे ठाऊक असताना त्याच्या तोंडावर फाटक लावायचं कसं? भीती आणि रीतभात यांची झटापट झाली आणि या भागात नेहमी होतं तसंच झालं. दोघं फाटक धरून उभी राहिली.

धुक्यातून एक उंच म्हातारा आला. अंगात जाड लोकरी कोट, गुडघ्याखाली सुतळीनं बांधलेली विजार. टोपीच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं.

“उपकार झाले, पोरा,” तो म्हणाला. “हल्ली थांबतं कोण?”

पोरानं साठी ओलांडली होती. ग्लेनिसनं त्याला फ्लास्कमधला चहा दिला. म्हाताऱ्यानं कप हातात धरताच चहाची वाफ थांबली. ग्लेनिसनं नवऱ्याला चिमटा काढला.

“त्याच्या तोंडातूनही वाफ येत नाहीये,” ती कुजबुजली.

बर्नार्डनं पाहिलं. पण त्याला दुसरंच काही दिसलं. म्हाताऱ्यानं एका हातानं फाटक लावलं होतं आणि कडी पुन्हा हलवून खात्री करून घेतली होती. बर्नार्डचा ऊर भरून आला.

“बर्नार्ड, नाही हं,” ग्लेनिस म्हणाली.

“विचारायला काय जातंय?” तो घसा खाकरत म्हाताऱ्याकडे वळला. “पुढच्या रविवारी मोकळे आहात का? शेवटून चालायचं. कुणी रेंगाळलं तर...”

“हाकायचं. ठाऊक आहे.” म्हातारा धुक्याकडे बघत म्हणाला. “गाव रिकामं केलं तेव्हा मीच होतो शेवटी. काही जण ऐकेनात, घरातच बसून राहिले. मी फाटकं लावत आलो. शेवटच्या फाटकाला मला जरा उशीर झाला.”

बर्नार्डनं खिशातून वही काढली.

“वाट कुठल्या गटातली?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“मध्यम.”

“म्हणजे?”

“म्हणजे निघालेले सगळे परत येतात,” ग्लेनिस हळूच म्हणाली.

“मग लिही. एझ्रा सटक्लिफ.”

रविवारीही धुकं होतंच. मंडळाची माणसं कुरकुरत आली, पण मागून नालांचा असा करडा आवाज येत होता की रेंगाळायची कुणाची छाती झाली नाही. पिलिंगबाई तर सगळ्यांच्या पुढे होत्या. शेवटच्या फाटकापाशी बर्नार्ड ते धरून उभा राहिला. एकेक जण ‘थँक्यू, बर्नार्ड’ म्हणत बाहेर पडला. पिलिंगबाई दोन्ही बुटांसकट पार झाल्या. “यंदा मानलं तुला,” त्या म्हणाल्या. डेस्मंडही आला होता. तो मान खाली घालून बाहेर पडला.

मग एक बाई आली, डोक्याला शाल, काखेत कोंबडी. “उपकार झाले,” ती म्हणाली. तिच्या मागे गाठोडं घेतलेला माणूस. त्याच्या मागे हात धरलेल्या दोन बहिणी. सगळ्यांच्या कपड्यांतून पाणी निथळत होतं, आणि प्रत्येक जण थांबून आभार मानत होता. धुक्यात, खूप मागे, कुणीतरी कुणाला तरी हाकत होतं.

“बर्नार्ड!” ग्लेनिसनं गाडीतून हाक मारली. “झाले ना सगळे? लाव फाटक आणि चल!”

“कसं लावू?” बर्नार्ड रडवेल्या आवाजात म्हणाला. “अजून येतायत.”