डाव्या कुशीवरचा भोंगा

"आग लागली आहे की नाही, हे ठरवायचं काम तुमचं नाही," भोंगेसाहेब जिन्याच्या पायरीवर उभे राहून सांगत होते. "भोंगा वाजला की उठायचं आणि जिन्याने खाली जायचं. पिशवी नाही, डबा नाही, चर्चा नाही."

समोर एका विमा कंपनीची चाळीसेक माणसं जेवणानंतरच्या जांभया दाबत उभी होती. आगीचा इशारा देणारी यंत्रं बसवण्यात भोंगेसाहेबांची हयात गेली होती, म्हणून तर हे नाव त्यांना चिकटलं होतं. हे भाषण त्यांना झोपेतही म्हणता आलं असतं. पण वाक्य पुरं होतंय तोच त्यांच्या स्वतःच्या खिशातून असा काही कर्कश भोंगा वाजला की ती चाळीस माणसं चर्चा न करता जिन्याने खाली गेली. इतक्या शिस्तीत ती इमारत यापूर्वी कधी रिकामी झाली नव्हती. भोंगेसाहेब तेवढे वर राहिले. फोनवर लाल अक्षरं चमकत होती: साखर धोकादायक पातळीखाली.

ही साखर त्यांची नव्हती, बाबांची होती.

बाबा म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक, शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहणारे. मधुमेह जुना. आई गेली त्या दुपारी भोंगेसाहेब बैठकीत होते आणि फोन बंद होता. त्या दुपारची टोचणी त्यांच्या मनातून गेली नव्हती. तेव्हापासून ते वर्तमानपत्रातली आरोग्याची पानं आधी वाचत आणि मग घाबरत. अशाच एका पानात त्यांनी नव्या संशोधनाबद्दल वाचलं. दंडावर कोटाच्या बटणाएवढा सेन्सर चिकटवायचा, तो दिवसरात्र साखर मोजतो आणि आकडा मुलाच्या फोनवर दिसतो. साखर फार खाली गेली तर आवाज बंद ठेवलेला फोनसुद्धा बोंबलतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लावायला हरकत नाही. बाबांची हरकत होती, पण ती कोणी विचारली नाही.

तोवर बापलेकाचं बोलणं रविवारी व्हायचं. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, काही लागलं तर सांगा, ठेवतो. बाबा प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणत, आणि "ठेवतो"लाही "हो"च म्हणत.

तर भोंगा वाजला आणि भोंगेसाहेबांचं धाबं दणाणलं. त्यांनी बाबांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग समोरच्या काकूंना लावला. काकू टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या आणि बाबांच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असे. काकू धावत गेल्या. बाबा घोरत होते. साखर कमी झालेला माणूस बेशुद्धही पडतो, हे काकूंना ठाऊक होतं, पण घोरणं आणि बेशुद्धी यांतला फरक तपासायला त्या थांबल्या नाहीत. त्यांनी बाबांना उठवून बसवलं आणि पेलाभर साखरपाणी घशाखाली उतरवूनच श्वास घेतला.

थोड्या वेळाने फोन पुन्हा बोंबलला. या वेळी साखर फार वर गेली होती.

"बाबा, काय खाल्लंत तुम्ही?" भोंगेसाहेबांनी फोन लावून विचारलं.

"मी झोपलो होतो," बाबा शांतपणे म्हणाले. "काकू आल्या, मला हलवून उठवलं आणि साखरपाणी पाजलं. आता तूच विचारतोयस, साखर का वाढली."

दुसऱ्या दिवशी दुपारी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. रात्री साखर सरळ, सकाळी सरळ, आणि दुपारच्या जेवणानंतर मात्र धाडकन खाली. जेवल्यावर साखर वर जायची, ती खाली कशी येते, हे कोडं भोंगेसाहेबांना सुटेना. त्यांना जेवण जाईना. त्यांनी बायकोच्या फोनवरही ते ॲप टाकलं आणि परगावच्या बहिणीच्याही. परिणामी दुपारी तीन ठिकाणी भोंगे वाजू लागले आणि तिघांचे फोन एकदम काकूंना जाऊ लागले. काकूंची लाईन सतत व्यस्त राहिली. उभ्या नोकरीत आपल्यावर ही वेळ आली नव्हती, असं त्यांनी बहिणीला ऐकवलं.

शेवटी एका दुपारी काकू दात काढायला गेल्या होत्या आणि भोंगेसाहेबांनी थेट रुग्णवाहिका पाठवली. रोजच्या साखरपाण्याला कंटाळून बाबांनी त्या दिवशी आतून कडी घातली होती. आलेल्या माणसांनी कडी तोडली. बाबा चादर छातीशी धरून उठून बसले आणि त्यांनी त्या दोघांना विचारलं, चहा घेणार का. त्या संध्याकाळी भोंगेसाहेब तिथे पोचले, तेव्हा बाबा दाराला खुर्ची टेकवून नकाशांची जुनी पुस्तकं चाळत बसले होते.

"आता पुरे झालं," भोंगेसाहेब म्हणाले. "सामान बांधा. तुम्ही आमच्याकडे राहायला यायचं."

"आणि दिवसभर करू काय तिथे? तू ऑफिसात, सूनबाई ऑफिसात."

"निदान मला घोर तरी नाही लागणार."

"म्हणजे तुझा घोर जावा म्हणून मी माझं घर सोडायचं," बाबा म्हणाले आणि पुन्हा पुस्तकात बघू लागले. त्यांचा हात मात्र पान उलटायचं विसरला होता. त्यांना हे घर सोडायचं नव्हतं, आणि मुलाचा पडलेला चेहराही त्यांना बघवत नव्हता. अखेर डॉक्टर सांगतील ते ऐकायचं, यावर तह झाला.

डॉक्टरीणबाईंनी आकड्यांचा आलेख पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "दुपारी कोणत्या कुशीवर झोपता?"

"पूर्वेकडे तोंड करून," बाबा म्हणाले.

"डावी की उजवी?"

"ते पलंगावर अवलंबून आहे. खिडकी पूर्वेला आहे."

अखेर भोंगेसाहेब स्वतः तपासणीच्या टेबलावर आडवे झाले, डोकं कपाटाकडे, पाय दाराकडे, आणि खिडकी कुठे ते बाबांनी हाताने दाखवलं. कूस डावी निघाली. सेन्सरही डाव्याच दंडावर होता. अंगाखाली दंड दाबला गेला की सेन्सर फसतो आणि साखर कमी दाखवतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रात्री बाबा उताणे झोपत, म्हणून रात्र शांत जाई. बाबांना काहीही झालं नव्हतं.

भोंगेसाहेबांचा जीव भांड्यात पडला. टेबलावरून उतरताना त्यांना हसूही आलं आणि थोडं रडूही. त्यांनी घरी येऊन पलंग फिरवला, पूर्व उजव्या कुशीला आणून दिली, नवी कडी बसवली आणि काकूंची माफी मागितली. जाताना म्हणाले, "आता अडचण नाही. रविवारी फोन करतो." बाबा म्हणाले, "हो."

नंतरच्या दुपारी गुपचूप गेल्या. भोंगेसाहेब नीट जेवू लागले. काकूंची लाईन मोकळी झाली. आणि मग एका दुपारी, एका बँकेच्या जिन्यात भाषण रंगात आलेलं असताना, खिशातला भोंगा पुन्हा वाजला. बँकेची माणसं खाली गेली. भोंगेसाहेबांनी आलेख पाहिला. जेवणानंतर, धाडकन, अगदी जुन्यासारखा. पुन्हा डाव्या कुशीवर वळले असणार, काळजीचं कारण नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण भोंगा खोटा आहे हे ठरवायचं काम आपलं नाही, हे ते आत्ताच बँकेच्या लोकांना सांगून बसले होते. त्यांनी फोन लावला.

पहिली घंटा पुरी व्हायच्या आत बाबांनी उचलला.

"झोपला होतात?"

"गाढ," बाबा म्हणाले. मागे रेडिओ चालू होता.

"बरं वाटतंय ना? थरथर, घाम?"

"काही नाही. मजेत आहे. तू जेवलास का?"

मग बाबांनी काकूंच्या नव्या दाताची हकिकत सांगितली, नव्या कडीचा आवाज कसा येतो ते सांगितलं आणि बँकेत काय गोंधळ झाला ते विचारून पोटभर हसले. भोंगेसाहेब पायरीवर बसून बोलत राहिले. खाली फाटकापाशी बँकेची माणसं वर यायचं की नाही, हे कळायची वाट पाहत ताटकळली होती.

फोन ठेवल्यावर भोंगेसाहेब तिथेच बसून राहिले. आग नसताना भोंग्याचं बटण दाबणारी माणसं त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिली होती. बहुतेक वेळा तो रात्रपाळीचा एकटा पहारेकरी निघायचा. अशांना ते दंडाची नोटीस देत.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकल्याबरोबर, खिसा शांत असतानाच, त्यांनी बाबांना फोन लावला.

"अरे," बाबा दचकून म्हणाले, "अजून आडवासुद्धा झालो नाही मी."