समुद्राच्या चार शाखा आणि एक कुर्ली

एका जंगलात समुद्राचा अभ्यास करणारी एक कचेरी होती, बाळांनो. ती डोंगरावर होती. आधी किनाऱ्यावर बांधायचे ठरले होते, पण तिथे पाणी फार, असे शास्त्रज्ञांचे मत पडले.

कचेरीत चार शाखा होत्या. बगळ्याकडे लाटा आणि प्रवाह. माकडाकडे पाण्याचा खारटपणा. घुशीकडे समुद्राचा तळ. समुद्रातले जीव रानबोक्याकडे दिले होते, कारण त्याला त्यांची मनापासून आवड होती. कुणाचेच पाऊल कधी ओले होत नसे. बगळासुद्धा हल्ली खाली उतरत नव्हता. मासे कचेरीत पोचत. दारावर पाटी मात्र झोकात होती : 'समुद्राचे ज्ञान, सर्वांच्या उपयोगी.'

खाली खाडीच्या काठी चंदी पाणमांजरीण राहायची. तिला तीन पिल्ले झाली होती, अजून डोळेही न उघडलेली. अमावास्येच्या सकाळी वारा वाढला. पिल्ले बाहेर काढावीत तर वर घारी. ठेवावीत तर पाणी. ती पाटीवर विश्वास ठेवून डोंगर चढली.

"साहेब, आजची भरती माझ्या बिळापर्यंत येईल का?"

"चालतं पाणी माझ्या शाखेत येतं," बगळा म्हणाला. "पण बिळात शिरलं की ते थांबतं. थांबलेल्या पाण्याचं मी बघत नाही."

"ते किती खारट आहे, हे मी सांगेन," माकड म्हणाले. "शिरलं की नमुना घेऊन या."

"बीळ समुद्राच्या तळाशी गेलं, की माझ्याकडे," घूस म्हणाली.

"पिल्लं साधारण किती वजनाची आहेत?" रानबोक्याने आपुलकीने विचारले.

चंदी आल्या पावली पळाली. काठावर एक म्हातारी कुर्ली, खेकड्यांतली आजीच, घाईघाईने वर चढत होती.

"गो बाये, बघतस काय?" ती ओरडली. "आज एकय कुर्ली बिळात रवाक नाय. पाणी वर येतला. पोरांका उचल!"

चंदीने एकेक पिल्लू तोंडात धरून उंचावर नेले. दुपारच्या भरतीत बीळ गेले. पिल्ले वाचली.

पण चंदी पडली भाबडी. दुसऱ्या दिवशी ती आनंदाची बातमी सांगायला कचेरीत गेली.

"भरतीचं तुला सांगितलं कुणी?" चौघांनी एकदम विचारले.

चंदीने कौतुकाने कुर्लीचे नाव सांगितले. ती कुठे राहते, तेही सांगितले.

कुर्लीला भरती आधी कशी कळते, यावर तातडीने संशोधन झाले. ते चारही शाखांनी मिळून केले, कारण कुर्ली चांगली भरलेली होती. माकडाने रस्सा चाखून मीठ बेताचे असल्याचा निर्वाळा दिला. अहवालात लिहिले, 'कचेरीच्या ज्ञानामुळे तीन पिल्ले वाचली.'

चंदी कचेरीच्या दारात बसून ऊर फुटेपर्यंत रडली. तिचा जाहीर सत्कार ठरला होता, तो तेवढा पुढे ढकलावा लागला.

तात्पर्य : समुद्रशास्त्राची कुठलीही शाखा निरुपयोगी नसते; फक्त आपण तिच्या किती उपयोगाचे आहोत, ते जाण्यापूर्वी पाहावे. आणि 'तुला कुणी वाचवलं?' असे साहेबांनी विचारले, तर 'आपणच, साहेब,' असे म्हणून घरी यावे.